घरातली मिरची पिवळी पडली, तर आधी कुंडी उचलून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिरचीचं आठ-नऊ महिन्यांचं झाड आहे. बाहेर उघड्यावर होतं तेव्हा छान होतं, मिरच्याही लागल्या. घरात खिडकीशी आणल्यापासून खालची पानं पिवळी होऊन गळतायत, शेंड्याची नवी पानं बारीक आणि चुरगळलेली येतायत, कळ्या उमलण्याआधीच पडतायत. माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकतं. तुम्ही १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं खत) दिलं, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) दिलं, नीमतेल फवारलं, शेवटी मोठ्या कुंडीत हलवलं. कशानेच फरक पडला नाही. आता विचारताय की कोणतं खत द्यावं आणि झाड छाटावं का.

खताचं उत्तर लगेच देतो: सध्या कोणतंही नाही. छाटणीचं उत्तर मुळं बघितल्याशिवाय देता येणार नाही, कारण किती छाटायचं हे मुळं किती उरली आहेत यावर ठरतं.

पिवळं पान हे तापासारखं आहे, त्यावरून आजार कळत नाही. पाणी जास्त, पाणी कमी, नत्राची कमतरता, कोळी (पानांतला रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड), थंडी, उजेड कमी, सगळ्यांत पान पिवळंच होतं. त्यामुळे झाड समोर नसताना खात्रीने काही सांगणं कठीण. पण तुमच्या वर्णनातलं एक वाक्य बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बोलतं: माती ओली आणि झाड मलूल. कोरड्या मातीत झाडाने मान टाकली तर ते तहानलेलं आहे. ओल्या मातीत टाकली, तर मुळांचं काहीतरी बिघडलं आहे, असं धरूनच मी पुढे जातो.

मुळंही श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असेल तरच त्यांचं काम चालतं. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, त्यांचं पाणी ओढणं मंदावतं आणि भोवती पाणी असून पानं कोरडी पडतात. पिथियम, फायटोफ्थोरा अशा बुरशीसदृश जीवांना असली पाणथळ माती हवीच असते. मग मूळकूज सुरू होते. झाड मान टाकतं, मालकाला वाटतं तहान लागली, तो आणखी पाणी घालतो. घरातली बहुतेक मिरचीची झाडं याच फेऱ्यात जातात आणि ती काळजी घेणाऱ्यांच्याच हातून जातात. दुर्लक्ष करणाऱ्यांची उलट तग धरतात.

पाणी तेवढंच असताना बाहेर का बिघडलं नाही? कारण उजेड. उघड्यावरचं भर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) असतं. खिडकीच्या अगदी काचेलगत, थेट ऊन नसेल तर, हेच काही हजारांवर येतं आणि खोलीत दोन-तीन पावलं आत काही शेकड्यांवर. आपले डोळे उजेडाशी जुळवून घेतात म्हणून खोली आपल्याला लख्ख वाटते. झाडाला तसं जुळवून घेता येत नाही. उजेड घटला की पानं पाणी कमी उडवतात, अन्न कमी बनवतात, मुळं कमी ओढतात. बाहेर एका दिवसात वाळणारी माती घरात आठवडाभर ओली राहू शकते. तुमचा हात मात्र बाहेरच्याच सवयीने पाणी घालत राहिला असणार.

त्यात मोठी कुंडी. हे नेमकं उलटं झालं. जिथे मुळं पोहोचलेलीच नाहीत तिथली माती वाळवणार कोण? आजारी झाडाभोवती ओल्या मातीचा जाड थर तयार झाला. मुळं भरगच्च झालेल्या तगड्या झाडाला मोठी कुंडी द्यावी. अडचणीत असलेल्याला लहान.

तर आता काय करायचं ते क्रमाने सांगतो.

कुंडी उचला. पाणी देऊन चार-पाच दिवस झाले तरी जड लागत असेल तर निदान जवळपास झालंच. बोट दोन पेरं आत घालून बघा. वरून कोरडी दिसणारी माती आत चिखल असू शकते. कुंडी हलवल्यावर बारीक काळी चिलटं उडाली तर माती कित्येक दिवसांत वाफशावर (ओल आणि हवा दोन्ही बेताची असलेल्या स्थितीत) आलेली नाही, याचा तो पुरावा. ही चिलटं स्वतः फारसं नुकसान करत नाहीत, पण त्यांच्या अळ्या ओल्या मातीतली बुरशी खाता खाता कोवळी मुळंही कुरतडतात.

मग झाड बाहेर काढा. अनेकजण इथे कचरतात, झाडाला धक्का बसेल म्हणून. कुजत्या मुळांवर बसून राहण्यापेक्षा तो धक्का बरा. खोडाच्या दोन्ही बाजूंनी दोन बोटं मातीवर ठेवा, कुंडी उपडी करा आणि तळाला थाप मारा. माती हलक्या हाताने झटका, उरलेली कोमट पाण्यात हलवून सोडवा. आता नीट बघा. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट बदामी असतं आणि चिमटीत टणक लागतं. कुजलेलं तपकिरी-काळं, गिळगिळीत. शंका असेल तर एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा: वरची साल मोज्यासारखी निसटून हातात येते आणि मागे केसासारखा बारीक धागा उरतो. तो उरलेला धागा आता झाडाच्या काही कामाचा नाही. वासही घ्या. चांगल्या मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो, कुजलेल्या मुळांना गटारासारखा.

एक गोष्ट याच वेळी तपासा. खोडाचा मातीलगतचा भाग काळपट होऊन दबलेला असेल आणि तो डाग खोडाभोवती पूर्ण फिरलेला असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. ते झाड वाचत नाही. मातीसकट काढून टाका, ती माती दुसऱ्या मिरचीला, टोमॅटोला किंवा वांग्याला वापरू नका. ही सगळी एकाच कुळातली, रोगही बरेचसे सामाईक.

खोड ठीक असेल तर कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, पांढरा भाग लागेपर्यंत. कात्री मधेमधे स्पिरिटने पुसा. उरलेली मुळं ज्या कुंडीत जेमतेम मावतील, भोवती फारतर दोन बोटं जागा राहील, एवढीच कुंडी घ्या. तळाला भोकं हवीतच. तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर घालू नका. त्याने निचरा सुधारतो हा जुना समज आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी भरड थराच्या वर अडून बसतं आणि मुळांच्या वाट्याची कोरडी जागा आणखी कमी होते. एखादं भोक फार मोठं असेल तर त्यावर जाळीचा तुकडा पुरे.

माती भुसभुशीत हवी. मी अशा झाडांना धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) साधारण दोनास एक घेतो आणि त्यात मूठभर चाळलेलं गांडूळखत, बस. पर्लाइट नसेल तर जाड वाळू चालेल. शेणखत आत्ता नको, तेही ओल धरतं. बागेतली चिकणमाती तर अजिबात नको.

आता छाटणी. हिशोब सरळ आहे: मुळं अर्धी उरली असतील तर वरचा पसाराही निम्म्याच्या आसपास आणा, कारण उरलेल्या मुळांना तेवढीच पानं पोसता येतील. मुळं बऱ्यापैकी पांढरी निघाली तर फक्त वाकडे शेंडे, कळ्या आणि मिरच्या काढा. मिरच्या काढताना जीव खालीवर होतो हे कळतं, पण फळ पोसण्यात झाडाची सगळी ताकद जाते. मुळं जवळजवळ नाहीशी झाली असतील तर कडक छाटणी. आधी खोडावर नखाने हलकेच खरवडून बघा. सालीखाली ओला हिरवा रंग दिसला तर तो भाग जिवंत. मिरचीचं खोड जिथे पहिल्यांदा दुफाट्यात फुटतं, त्याच्या वर एक-दोन डोळे ठेवून फांद्या कापा. जिथे पान होतं तिथे बगलेत एक डोळा झोपलेला असतो, फुटवा तिथूनच येतो. जमलं तर दोन-चार बरी पानं राहू द्या, पूर्ण नागडं करू नका.

छाटल्यानंतरचं पाणी हा दुसरा सापळा. पानं उरली नाहीत म्हणजे पाणी उडवणारं कोणी नाही. पहिल्या वेळी तळातून निथळेपर्यंत पाणी द्या, ताटलीतलं ओतून टाका आणि मग थांबा. कुंडी उचलून हलकी लागली, वरची दोन पेरं कोरडी झाली, की पुन्हा द्यायचं. त्याला पाच दिवस लागोत नाहीतर बारा. मिरचीला वारांप्रमाणे पाणी देण्याची सवय मोडा. घोट घोट रोज देणंही वाईट, त्याने वरचा थर कायम ओला आणि तळ अंदाजपंचे राहतो.

इथपर्यंत मुळांचं झालं. पण तुमच्या वर्णनातली चुरगळलेली नवी पानं मला वेगळी खटकतात. ती केवळ मूळकुजीमुळे येऊ शकतात, एप्सम सॉल्टच्या अतिरेकानेही येऊ शकतात: त्यातलं मॅग्नेशियम मातीत जास्त झालं की झाडाला कॅल्शियम घेणं जड जातं आणि कॅल्शियमची ओढ आधी कोवळ्या शेंड्यावरच दिसते. पण मिरची म्हटल्यावर बोकड्या, म्हणजे पानं चुरगळण्याचा रोग, आधी डोळ्यांसमोर येतो, आणि त्यामागे बहुधा कीड असते.

पान कुठे वळलंय ते बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल, मागच्या बाजूला चंदेरी चरे आणि काळे सूक्ष्म ठिपके असतील, तर फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर धरून टिचक्या मारा; काडीसारखे बारीक पिवळट किडे पळताना दिसतील. कडा खाली वळलेल्या, पान अरुंद, जाडसर, कडक, मागची बाजू तपकिरी झाक असलेली चकचकीत, शेंडा जणू थिजलेला, असं असेल तर पांढरा कोळी. हा कोळी एक मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा असतो. साध्या डोळ्यांना दिसत नाही, साध्या भिंगालाही चकवतो. तीस पट तरी मोठं दाखवणारं भिंग लागतं. म्हणून ‘कीड काहीच दिसत नाही’ हे या बाबतीत निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र नाही. लाल कोळी वेगळा: तो जुन्या पानांवर सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके पाडतो आणि मागे बारीक जाळी विणतो. मावा तर उघड दिसतो, शिवाय पानं चिकट होतात.

जाता जाता एक. घरात वाढलेल्या मिरचीच्या पानामागे कधीकधी साखरेच्या कणांसारखे स्वच्छ, चकाकणारे दाणे दिसतात. लोक त्यांना अंडी समजून फवारणीला धावतात. ते झाडाचंच स्रवण असतं, पाणी जास्त आणि हवा कोंदट असली की दिसतं. बोटाने सहज झडतात. सोडून द्या.

पांढऱ्या कोळ्याचा एक फायदा म्हणजे तो कोवळ्या शेंड्यांवरच राहतो. म्हणजे तुमची छाटणी हाच अर्धा उपचार. कापलेले शेंडे लगेच पिशवीत बंद करून घराबाहेर टाका, दुसऱ्या कुंडीच्या मातीवर ठेवू नका. उरलेल्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक, पुडीवर दिलेल्या मात्रेत, झाड बाहेर नेऊन, ऊन नसताना फवारावं. पण तुम्ही नीमतेल फवारलेलं आहे. तेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवडे अंतर लागतं, नाहीतर पानं भाजतात. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तरही गंधक नको. मधल्या काळात पोटॅशियम साबणाचं पाणी चालेल. ते अंगावर पडलं तरच मारतं, त्यामुळे पानामागे आणि डोळ्यांच्या बेचक्यांत पोहोचलं पाहिजे, आणि अंड्यांवर फारसं चालत नसल्याने पाच-सहा दिवसांनी दोन-तीनदा पुन्हा करावं लागतं. साधी कीटकनाशकं आणून कोळ्यावर मारू नका. कोळी कीटक नव्हे, आठ पायांचा प्राणी आहे. बरीच कीटकनाशकं त्याचं काही बिघडवत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मारून टाकतात.

आणि पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगाची गोधडी दिसत असेल, शिरा जाड, झाड खुरटलेलं, छाटल्यावरचा फुटवाही तसाच वाकडा, तर तो विषाणू. त्यावर औषध नाही. झाड काढा, हात साबणाने धुवा, मगच दुसऱ्या झाडाला लावा.

उजेड वाढवल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही. मिरचीला रोज सहा ते आठ तास थेट ऊन आवडतं. खिडकीत ते मिळत नसेल तर पांढरा एलईडी दिवा शेंड्यापासून वीस-तीस सेंटिमीटरवर, रोज बारा ते चौदा तास. गुलाबी-जांभळ्या दिव्यांची गरज नाही. त्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत नाही, म्हणून मला ते आवडतही नाहीत. दोन पानांमधली पेरं लांबत असतील तर दिवा लांब आहे, वरची पानं फिकी पडून कडा वर उचलत असतील तर फार जवळ. ताजं छाटलेलं झाड पहिला आठवडाभर सौम्य उजेडात ठेवा, मग वाढवा. पुढे कधी बाहेर नेणार असाल तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं ऊन वाढवत न्या. एकदम नेलं तर पानांवर पांढुरके, कागदासारखे डाग पडतात.

ऊबही बघा. वीस ते तीस अंशांत मिरची खूश असते. रात्री पंधराच्या खाली गेलं की वाढ मंदावते, ओल्या थंड मातीत तर कुजणं पुन्हा डोकं वर काढतं. रात्री गार पडणारी खिडकीची काच किंवा वातानुकूलन यंत्राचा थेट झोत, दोन्हींपासून कुंडी हातभर दूर ठेवा.

खताबद्दल थोडंच. खालची पानं सरसकट पिवळी म्हणजे नत्र कमी, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा तर जुन्या पानांत मॅग्नेशियम, नव्यांत लोह, हे तक्ते बरोबर आहेत. फक्त मुळं धड असतील तरच त्यांचा उपयोग. कुजलेली मुळं खताने भरलेल्या मातीतूनही काही उचलू शकत नाहीत आणि झाड उपाशी असल्याची सगळी लक्षणं दाखवतं. वर खत घातलं तर क्षार साचतात, पानांची टोकं जळतात, मातीवर पांढरी पापडी येते. नव्या फुटव्याची चार-पाच पानं पूर्ण उलगडली की १९:१९:१९ सांगितलेल्या मात्रेच्या पाव हिश्शाने, दोन आठवड्यांतून एकदा, तेही ओल्या मातीत. पुढे कळ्या दिसू लागल्या की नत्र आवरून पालाश जास्त असलेलं खत घ्यावं.

थोडक्यात तुमचा क्रम: आज मुळं, कुंडी आणि छाटणी एकाच बैठकीत, आठवडाभराने उजेड, नीमतेलाला दोन आठवडे होऊन गेले आणि नव्या शेंड्यावर पुन्हा वळण दिसलं तरच गंधक, खत सगळ्यात शेवटी.

सुधारणा जुन्या पानांत शोधू नका. पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, वाकडं सरळ होत नाही. ती यथावकाश गळतील. बघायचं ते डोळ्यांकडे. उबदार जागेत दोन-तीन आठवड्यांत बगलेत हिरवे टिंब फुगायला लागतात, थंडीत दुप्पट वेळही लागतो. या काळात काहीच घडत नाहीये असं वाटतं आणि हात शिवशिवतो. नखाने खरवडल्यावर साल हिरवी आहे तोवर थांबा. हिरवा पट्टा वरून खाली सरकत तपकिरी होत चालला, तर तपकिरी भाग कापत खाली या. मातीपर्यंत तपकिरी झालं तर झाड गेलं.

राहिली फूलगळ. झाड सावरल्यावर येणाऱ्या पहिल्या कळ्या खुडून टाका. नंतरच्या ठेवा, पण घरात वारा नसतो आणि मिरचीचं फूल स्वतःचेच पराग घेत असलं तरी ते हलावे लागतात. फुलं उमलली असताना सकाळी उशिरा, पराग कोरडे झाल्यावर, देठाला रोज दोन-तीन टिचक्या मारा. मुळं आणि उजेड ठीक असताना एवढ्याने फळ धरतं. तरीही फुलं देठासकट गळत असतील तर रात्रीचं तापमान मोजा. रात्र पंधरा अंशांखाली किंवा चोवीसच्या बरीच वर जात असेल तर दोन्हीकडे फूल टिकत नाही, आणि त्यावर कुठल्याही टॉनिकचा उपयोग होत नाही, कुंडीची जागाच बदलावी लागते.